पासवर्ड विसरलेला फोन उघडून देणाऱ्या सेवा: फोन मिळतो, पण आतलं काय मिळतं?

फोनचा पासवर्ड विसरला की माणूस एकच गोष्ट शोधायला लागतो: लॉक कसं काढायचं. खरं तर त्या एका फोनवर तीन कुलपं असतात आणि तिन्हींच्या किल्ल्या वेगळ्या. पहिलं पडद्यावरचं, म्हणजे पिन, पॅटर्न किंवा पासकोड. दुसरं खात्याचं: फोन पुसून कोरा केला तरी तो आधीच्या अ‍ॅपल किंवा गूगल खात्याचा पासवर्ड मागतो. तिसरं बॅकअपचं, आणि त्याची आठवण बहुतेकांना फोन पुसून झाल्यावरच होते.

अ‍ॅपल, सॅमसंग आणि गूगल यांच्या स्वतःच्या सोयी, पैसे घेऊन लॉक काढून देणारी सॉफ्टवेअर आणि अधिकृत सर्व्हिस सेंटर या सगळ्यांना इथे एकाच मापाने मोजलं आहे. हातात काय परत येतं? नुसता फोन, की फोनसकट आतले फोटो, चॅट आणि नंबर? नुसता फोन परत मिळवणं आता फारसं अवघड राहिलेलं नाही. जीव तुटतो तो आतल्या गोष्टींसाठी, आणि सेवा-सेवांमधला मोठा फरक तिथेच दिसतो.

आधी हात थांबवा

कोणतीही सेवा वापरण्याआधी एक पथ्य पाळा: फोन रिस्टार्ट करू नका आणि बॅटरी संपू देऊ नका. घाबरून सगळ्यात आधी तेच केलं जातं आणि त्यानेच वाटा बंद होतात. फोन सुरू झाल्यावर एकदा तरी उघडला गेला असेल तर आतला डेटा वाचायला लागणाऱ्या गुप्त किल्ल्या त्याच्या मेमरीत असतात. रिस्टार्ट झाला की त्या जातात. मग बोटाचा ठसा किंवा चेहरा चालत नाही, फोन पासकोडच मागतो. रिस्टार्टनंतर पहिल्यांदा अनलॉक होईपर्यंत आयफोन जतन केलेल्या वायफायलाही सहसा जोडला जात नाही. मोबाइल डेटा बंद असेल तर तो इंटरनेटपासून तुटतो, आणि दूरवरून चालणारी प्रत्येक सेवा इंटरनेटवर अवलंबून असते. सिम काढण्याची घाई नको, ती याचसाठी. फोन कपाटात ठेवून ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणणंही महागात पडतं. आयओएस (आयफोनची कार्यप्रणाली) १८.१ पासून आयफोन सलग तीन दिवस लॉक राहिला तर आपोआप रिस्टार्ट होतो, आणि २०२५ पासून गूगलने अँड्रॉइडमध्येही तशीच सोय आणली आहे.

पासकोड आठवत नाही पण बोट किंवा चेहरा अजून चालतो, अशी स्थिती असेल तर तुमच्या हातात थोडा वेळ आहे. तो मोजकाच आहे. अँड्रॉइड जास्तीत जास्त ७२ तासांनी एकदा तरी पिन मागतोच. आयफोन ४८ तास उघडला नाही तर पासकोड मागतो, आणि साडेसहा दिवसांत पासकोड एकदाही टाकलेला नसेल तर मध्ये चार तास फेस आयडी न वापरल्यानेही मागतो. चेहरा किंवा बोट पाच वेळा जुळलं नाही तरी तेच. त्यामुळे फोन उघडला की लगेच बॅकअप घ्या. आयफोनवर सेटिंग्जमध्ये स्वतःच्या नावावर टॅप करून आयक्लाउड, आयक्लाउड बॅकअप आणि ‘बॅक अप नाऊ’. अँड्रॉइडवर फोटो आणि फायली केबलने सरळ संगणकावर ओढून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप त्याच्या स्वतःच्या सेटिंग्जमधून वेगळा घ्यावा लागतो. पासकोड बदलायला मात्र जुना पासकोड लागतोच, बोट लावून तो बदलता येत नाही. पण बॅकअप हाती असला की मग फोन पुसावा लागला तरी फारसं काही बिघडत नाही.

अंदाजाने पासकोड टाकत राहायचं असेल तर मोजून टाका. ओळीने चुकत गेलं की आयफोन आधी एक मिनिट, मग ५ मिनिटं, १५ मिनिटं, एक तास अशा वाढत्या वेळेसाठी बंद होतो आणि दहा चुकांनंतर दारच बंद करतो. सेटिंग्जमध्ये ‘इरेज डेटा’ चालू असेल तर दहाव्या चुकीला आतलं सगळं पुसलं जातं. अँड्रॉइड सुरुवातीला बराच मवाळ असतो. पारंपरिक रचनेत पाच चुकांनंतर ३० सेकंद थांबवतो, पण पुढे थांबण्याचा काळ दुपटीने वाढत जातो आणि १४० चुकांनंतर दिवसाला एकच प्रयत्न मिळतो. चार अंकी पिनच्या १०,००० शक्यता, सहा अंकीच्या दहा लाख, नऊ ठिपक्यांच्या पॅटर्नच्या ३,८९,११२. तेव्हा आंधळेपणाने टाकत बसण्यात अर्थ नाही. कागद घ्या, टाकून झालेले आकडे लिहा, तेच तेच पुन्हा टाकू नका. अक्षरांचा पासवर्ड असेल तर कीबोर्डची भाषा बदलली आहे का आणि कॅपिटल अक्षरं चालू आहेत का ते आधी पाहा. ‘पासवर्ड बरोबर आहे तरी घेत नाही’ असं वाटतं तेव्हा बऱ्याचदा गोम तिथेच असते.

आयफोन: एक सोय उत्तम, बाकीच्या प्रामाणिक

अ‍ॅपलची सगळ्यात चांगली सोय सगळ्यात कमी लोकांना माहीत आहे. आयओएस १७ पासून, म्हणजे २०२३ पासून, नवा पासकोड लावल्यावर ७२ तासांपर्यंत जुन्या पासकोडने तो बदलता येतो. नवा पासकोड विसरतो तो बहुतेक वेळा लावल्यानंतरच्या दोन-तीन दिवसांतच, कारण बोटांना जुन्याची सवय असते. म्हणून ही सोय नेमक्या ठिकाणी बसते. चुकीचे प्रयत्न करत ‘आयफोन अनअव्हेलेबल’ हा पडदा येऊ द्यायचा, खालच्या कोपऱ्यातल्या ‘फरगॉट पासकोड’वर टॅप करायचं, जुना पासकोड टाकायचा पर्याय निवडायचा, तो टाकून नवा लावायचा. एक फोटोही जात नाही. ऑफिसने दिलेला फोन सोडला तर या सगळ्या परीक्षणात आयफोनवर डेटा जसाच्या तसा ठेवणारी हीच एक वाट आहे. तिची दुसरी बाजूही ध्यानात ठेवा: जुना पासकोड कुणाला कळला म्हणून तुम्ही बदलला असेल, तर त्या माणसालाही तीन दिवस हीच वाट खुली असते. अशा वेळी फेस आयडी आणि पासकोडच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ‘एक्स्पायर प्रीव्हियस पासकोड नाऊ’ लगेच वापरा.

७२ तास उलटले असतील तर फोन पुसण्यावाचून इलाज नाही. तो पुसण्याचे तीन रस्ते आहेत.

आयओएस १५.२ पासून संगणकाची गरज उरली नाही. त्याच लॉक पडद्यावरून फोन रिसेट करता येतो. फोन वायफाय किंवा मोबाइल डेटाला जोडलेला हवा आणि अ‍ॅपल अकाउंटचा पासवर्ड आठवायला हवा, एवढ्याच दोन अटी. हा रस्ता सगळ्यात स्वच्छ आहे, कारण खात्याचं कुलूप याच ओघात सुटतं.

दुसरा रस्ता आयक्लाउडच्या ‘फाइंड माय’चा, म्हणजे हरवलेला फोन शोधायच्या सेवेचा. कोणत्याही संगणकाच्या ब्राउझरमधून फोन निवडून तो पुसता येतो. इथे अ‍ॅपलने एक समंजस गोष्ट केली आहे. दोन टप्प्यांच्या पडताळणीचा कोड अडलेल्या फोनवरच येणार, हे त्यांना माहीत आहे. म्हणून आयक्लाउडच्या साइटवरचा ‘फाइंड’ हा भाग त्या कोडशिवाय, फक्त पासवर्डवर उघडतो. फोन बंद किंवा ऑफलाइन असेल तर तो नेटवर येईल तेव्हा पुसला जातो.

तिसरा रस्ता रिकव्हरी मोडचा, म्हणजे फोनची कार्यप्रणाली संगणकावरून नव्याने भरायच्या खास अवस्थेचा. नेट नाही, जुनी आयओएस आहे किंवा वरचे दोन्ही अडले तेव्हाच तो घ्या. फोन पूर्ण बंद करा आणि एक मिनिट थांबा. आयफोन ८ किंवा त्यानंतरचा असेल तर साइड बटण, आयफोन ७ असेल तर आवाज कमी करायचं बटण, त्याआधीचा असेल तर होम बटण दाबून धरा आणि तसंच धरून केबल जोडा. आता बहुतेकांचं चुकतं ते इथे. पडद्यावर सफरचंद उमटतं, ‘झालं’ असं वाटतं आणि बोट सुटतं. फोन नेहमीसारखा सुरू होतो आणि पुन्हा पासकोड मागतो. सफरचंद आलं तरी बटण सोडायचं नाही. ते जाऊन केबल आणि संगणकाचं चित्र दिसेपर्यंत दाबूनच ठेवायचं. मग मॅकवर फाइंडर, विंडोजवर अ‍ॅपल डिव्हायसेस किंवा आयट्यून्स विचारतं: ‘अपडेट’ की ‘रिस्टोअर’? रिस्टोअर निवडा. अपडेट केल्याने पासकोड जात नाही.

यानंतर आयओएसची अनेक जीबींची फाइल उतरायला लागते आणि दुसरा घोटाळा होतो. १५ मिनिटांत ती उतरली नाही तर फोन रिकव्हरी मोडमधून बाहेर पडतो. लोकांना वाटतं सेवाच बिघडली. तसं नसतं. डाउनलोड पूर्ण होऊ द्या, मग फोन बंद करून बटणांची क्रिया पुन्हा करा. फाइल आता संगणकावर असते, त्यामुळे दुसऱ्या खेपेला काम पटकन होतं. ९, ४०१३ किंवा ४०१४ अशी चूक दिसली तर बहुधा मध्येच जोडणी तुटलेली असते. केबल आणि यूएसबी पोर्ट बदलून पाहा. काही केबलींतून फक्त चार्जिंग होतं, डेटा जात नाही. संगणकाला फोन दिसतच नसेल तर पहिला संशय केबलवर घ्या.

रिकव्हरी मोडने पडद्याचं कुलूप निघतं, खात्याचं नाही. २०१३ साली आयओएस ७ बरोबर आलेलं अ‍ॅक्टिव्हेशन लॉक पुसलेल्या फोनवरही अ‍ॅपल अकाउंट मागतं. त्याचाही पासवर्ड गेला असेल तर आधी खातं परत मिळवायला हवं. घरातल्या किंवा मित्राच्या आयफोनवरच्या अ‍ॅपल सपोर्ट अ‍ॅपमधून दुसऱ्यासाठी पासवर्ड बदलता येतो, हा सोपा मार्ग. खात्याला जोडलेला, कोड ज्यावर येतो तो विश्वासाचा नंबरही हाताशी नसेल तर ‘अकाउंट रिकव्हरी’ सुरू करावी लागते आणि तिला कित्येक दिवस लागू शकतात. त्या काळात त्याच खात्यावर सुरू असलेलं दुसरं उपकरण वापरत राहिलात तर विनंती आपोआप रद्द होते. ही अट अ‍ॅपल सांगतं, पण ठळकपणे सांगत नाही. दिवस मोजत बसलेल्या माणसाला ती नीट दिसायला हवी.

अ‍ॅपलचं हे सगळं चोख आहे, पण कठोर आहे. त्या कठोरपणाला कारण आहे. पासकोड फोनमधल्या चिपमधल्या एका गुप्त किल्लीशी गुंफलेला असतो. ती किल्ली चिपबाहेर येत नाही आणि प्रत्येक प्रयत्नाला सुमारे ८० मिलिसेकंद मुद्दाम लावले जातात. अ‍ॅपलच्याच हिशेबाने लहान अक्षरं आणि अंक मिळून सहा जागांचा पासकोड सगळ्या शक्यता करून शोधायला साडेपाच वर्षांहून जास्त लागतील. त्यामुळे ‘कंपनीकडे एखादी मास्टर किल्ली असेलच’ ही आशा सोडलेली बरी.

सॅमसंग: पूर्वतयारी असेल तर अव्वल

डेटा न घालवता दूरवरून लॉक काढून देणारी सोय सॅमसंगने बरीच वर्षं चालवली आहे. आधी तिचं नाव फाइंड माय मोबाइल होतं, पुढे स्मार्टथिंग्ज फाइंड झालं. संगणकाच्या ब्राउझरमध्ये ते पान उघडून सॅमसंग खात्यात शिरायचं, फोन निवडायचा, जास्तीच्या पर्यायांतून ‘अनलॉक’ घ्यायचं, पासवर्ड पुन्हा टाकायचा. फोन नेटवर असेल तर पिन, पॅटर्न आणि नोंदवलेली बोटं सगळी निघून जातात आणि फोन साध्या स्वाइपने उघडतो. आतलं सगळं जागच्या जागी. लगेच नवा पिन लावा, नाहीतर तो फोन कुणालाही उघडा आहे.

तीन अटी आहेत आणि तिन्ही आधीच पुऱ्या झालेल्या असाव्या लागतात: फोनवर सॅमसंग खातं सुरू असणं, फोन शोधण्याची परवानगी आणि ‘रिमोट अनलॉक’चं बटण चालू असणं. ते सुरक्षा आणि गोपनीयतेच्या सेटिंग्जमध्ये असतं. बरेच जण फक्त गूगल खात्यावर फोन चालवतात, सॅमसंग खातं काढतच नाहीत, आणि ऐन वेळी ही सोय त्यांच्या उपयोगी पडत नाही. अँड्रॉइडच्या जगात डेटा वाचवण्याची इतकी चांगली सोय दुसरी नाही. तिला इतक्या आत दडवून ठेवणं ही सॅमसंगची मोठी चूक आहे.

गूगल आणि बाकीचे अँड्रॉइड

इथे जुन्या आठवणी दगा देतात. ‘फरगॉट पॅटर्न’ दाबून गूगल खात्याने फोन उघडण्याची सोय अँड्रॉइड ४.४ पर्यंतच होती. दूरवरून नवा पासवर्ड लावून जुना बदलण्याची युक्तीही आता चालत नाही. २०२५ पासून ‘फाइंड हब’ या नावाने ओळखली जाणारी गूगलची सेवा फोन शोधते, वाजवते, लॉक करते आणि पुसते. उघडून देत नाही. जुने लेख आणि व्हिडिओ अजूनही ती उघडते असं सांगतात, त्यांच्या मागे लागून फोन पुसून घेऊ नका.

पुसणंच ठरलं असेल तर फाइंड हबमधून ते आरामात होतं. फोन नेटवर हवा. त्याआधी मेमरी कार्ड असेल तर काढून घ्या. साधं कार्ड दुसऱ्या फोनमध्ये किंवा कार्ड रीडरमध्ये वाचता येतं. ते ‘अंतर्गत मेमरी’ म्हणून जोडलेलं असेल तर मात्र एन्क्रिप्टेड, म्हणजे किल्लीशिवाय न वाचता येणारं, असतं आणि फोन पुसल्यावर त्यातलं काहीच वाचता येत नाही.

नेट नसेल तर बटणांनी रिकव्हरीत जायचं. गूगलच्या पिक्सेल फोनवर, तो बंद असताना, पॉवर आणि आवाज कमी ही दोन बटणं एकत्र दाबायची, मेनू आला की आवाजाच्या बटणांनी ‘रिकव्हरी मोड’पर्यंत जायचं आणि पॉवरने निवडायचं. मग पाठीवर पडलेला हिरवा यंत्रमानव आणि ‘नो कमांड’ असे शब्द दिसतात. इथे फोन बिघडला असं समजून बरेच जण मागे फिरतात. बिघडलेला नसतो. पॉवर दाबून धरायचं, आवाज वाढवायचं बटण एकदा दाबून सोडायचं, मग पॉवर सोडायचं. मेनू उघडतो आणि त्यात ‘वाइप डेटा, फॅक्टरी रिसेट’ असतं. शाओमीसह बऱ्याच कंपन्यांच्या फोनवर आवाज वाढवणं आणि पॉवर ही जोडी चालते. सॅमसंगवर आवाज वाढवणं आणि साइड बटण. पण अँड्रॉइड ११ नंतरच्या बऱ्याच गॅलक्सी फोनना ही जोडी दाबताना केबलने संगणकाला जोडलेलं लागतं, नाहीतर दहादा दाबूनही फोन सरळ सुरूच होतो. लॉक असताना फोन बंदच करू देत नसेल तर साइड आणि आवाज कमी ही बटणं सात-आठ सेकंद धरा आणि पडदा काळा झाला की त्या क्षणी आवाज कमीवरून आवाज वाढवण्यावर बोट सरकवा.

पुसून झाल्यावर खात्याचं कुलूप समोर येतं. अँड्रॉइड ५.१ पासून, म्हणजे २०१५ पासून, फॅक्टरी रिसेट प्रोटेक्शन आहे. रिकव्हरीतून किंवा दूरवरून पुसलेला फोन आधी त्याच्यावर असलेलं गूगल खातं मागतो. म्हणून क्रम उलटा ठेवायला हवा: आधी गूगल खात्याचा पासवर्ड चालतो आहे याची दुसऱ्या उपकरणावर खात्री करा, मगच फोन पुसा. पासवर्ड नुकताच बदलला असेल तर २४ तास थांबून मग रिसेट करा, असं गूगलच सांगतं. घाईत पासवर्ड बदलून लगेच फोन पुसणारे इथे अडकतात.

गूगलचं खातं परत मिळवायचं असेल तर नेहमीच्या जागेवरून, नेहमीच्या वायफायवरून आणि ज्या संगणकावर ते खातं वापरलेलं आहे त्याच ब्राउझरमधून प्रयत्न करा. गूगल उत्तरांइतकंच या खुणांकडे पाहतं. आठवतो तो सगळ्यात अलीकडचा पासवर्ड टाका, जुना असला तरी. कोड मेसेजने येणार असेल तर आता सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घाला. मात्र दूरवरून पुसण्याची किंवा अनलॉक करण्याची आज्ञा अजून द्यायची असेल आणि फोन त्याच सिमच्या डेटावर असेल तर ते आधी उरकून घ्या.

पैसे घेऊन लॉक काढणारी सॉफ्टवेअर

ती घेऊ नका. कारण स्पष्टपणे सांगायला हवं, कारण त्यांच्या जाहिराती फार पटणाऱ्या असतात. आयफोनसाठीची ही सॉफ्टवेअर आत करतात काय? फोनला रिकव्हरी मोडमध्ये नेतात, अ‍ॅपलच्या सर्व्हरवरून आयओएसची फाइल उतरवतात आणि रिस्टोअर करतात. म्हणजे फाइंडर किंवा आयट्यून्स जे फुकट करतं तेच. डेटा जातो तो जातोच आणि अ‍ॅक्टिव्हेशन लॉक जिथल्या तिथे राहतं. अँड्रॉइडसाठीची बहुतेक अशी साधनं पडद्यावर चित्रं दाखवत तुमच्याकडून वरची बटणंच दाबून घेतात. ‘डेटा न जाता’ हे आश्वासन लहान अक्षरांत ठरावीक, फार जुन्या मॉडेलपुरतं असतं. लॉकची फाइल पुसून पॅटर्न घालवण्याची युक्तीही रूट केलेल्या, म्हणजे कंपनीची बंधनं काढून पूर्ण ताबा मिळवलेल्या, जुन्या अँड्रॉइडवरच चालायची. आता लॉक म्हणजे नुसती फाइल राहिलेली नाही. डेटाची किल्लीच पिनमधून तयार होते. फाइल उडवली तर किल्लीही जाते. चिप काढून वाचण्याचंही तसंच: हाती लागतो तो एन्क्रिप्ट केलेला कचरा. बूटलोडर (फोन सुरू करून देणारा आतला प्रोग्राम) उघडल्याने मार्ग मिळेल असंही सांगितलं जातं, पण तो उघडताना फोन आपोआप पुसला जातो.

तपास यंत्रणांकडे वेगळी साधनं असतात, हे खरं. २०१६ साली अमेरिकेच्या एफबीआयने एका आयफोन ५सीसाठी अ‍ॅपलला कोर्टात खेचलं आणि शेवटी बाहेरच्या एका पक्षाच्या मदतीने तो फोन उघडून खटला मागे घेतला. ती साधनं सर्वसामान्यांना मिळत नाहीत आणि नव्या फोनसमोर त्यांनाही मर्यादा आहेत. एफबीआयला इतका खटाटोप करावा लागला ते काम एखादं डाउनलोड दहा मिनिटांत करतं, यावर विश्वास ठेवण्याजोगं काहीच नाही. कुणी संगणकाचा ताबा दूरवरून मागत असेल, ओटीपी किंवा खात्याचा पासवर्ड मागत असेल तर तिथेच थांबा. फोनपेक्षा खातं गेल्याचं नुकसान मोठं असतं.

तुम्हाला संगणक सवयीचा असेल तर एक अपवाद आहे. अँड्रॉइडवर यूएसबी डीबगिंग (केबलने जोडलेल्या संगणकाकडून आज्ञा घेण्याची सेटिंग) आधीच चालू असेल, त्या संगणकाला पूर्वी परवानगी दिलेली असेल आणि फोन रिस्टार्ट झालेला नसेल, तर लॉक असतानाही एडीबी या संगणकावरच्या साधनाच्या ‘पुल’ आज्ञेने फोटो आणि फायली बाहेर काढता येतात. लॉक निघत नाही, पण मौल्यवान ते हाती येतं. आणि हे साधन फुकट आहे.

सर्व्हिस सेंटर आणि ऑफिसचा आयटी विभाग

अधिकृत केंद्र लॉक फोडून देत नाही, देऊ शकतही नाही. मूळ खरेदीची पावती दाखवली तर अ‍ॅक्टिव्हेशन लॉक काढण्याची विनंती अ‍ॅपल तपासतं. पावतीवर फोनचा सीरियल क्रमांक किंवा आयएमईआय हा ओळख क्रमांक असेल तर काम सोपं होतं. फोन मात्र पुसला जातो. फोन कंपनीने दिलेला असेल तर चित्र एकदम बदलतं. ऑफिसच्या व्यवस्थापनाखालच्या आयफोनचा पासकोड आयटी विभाग दूरवरून काढू शकतो, डेटाला हात न लावता. काही अँड्रॉइडवरही हे होतं, पण त्याची परवानगी आधी नोंदवलेली लागते. ऑफिसचा फोन असेल तर आधी त्यांना कळवा, बाकी काहीही नंतर.

बॅकअपचं कुलूप

फोन पुसला, खातं टाकलं, आता बॅकअप उतरवायचा. आणि अँड्रॉइड विचारतो: आधीच्या फोनचा पिन टाका. ज्याच्यासाठी हे सगळं केलं तोच! अँड्रॉइड ९ पासून, २०१८ पासून, अ‍ॅप्सच्या डेटाचा बॅकअप पडद्याच्या लॉकने एन्क्रिप्ट होतो. गूगललाही तो वाचता येत नाही आणि चुकीच्या प्रयत्नांना इथेही मर्यादा असते. म्हणून विसरलेल्या पिनमागे तो भाग जातो. गूगल फोटोजमधले फोटो, खात्यावरचे संपर्क, कॅलेंडर आणि मेल यांना याची आडकाठी नाही. ते खात्यात शिरताच परत येतात. आयफोनचा आयक्लाउड बॅकअप साधारणपणे पासकोडशिवाय उतरतो, पण जतन केलेले पासवर्ड आणि आरोग्याची माहिती अशा एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड, म्हणजे कंपनीलाही न वाचता येणाऱ्या, गोष्टींसाठी जुना पासकोड विचारला जाऊ शकतो. तो नसेल तर ‘रिसेट’ करून पुढे जावं लागतं आणि तेवढा भाग सोडून द्यावा लागतो. अ‍ॅडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन (आयक्लाउडचा बॅकअपही तसाच कुलूपबंद करणारी सोय) चालू केलेल्यांना बॅकअपसाठीही २८ अक्षरांची रिकव्हरी की, ठरवून ठेवलेला माणूस किंवा दुसरं उपकरण लागतं. व्हॉट्सअ‍ॅपचा एंड-टू-एंड बॅकअप लावला असेल तर त्याचा स्वतःचा पासवर्ड किंवा ६४ अंकी किल्ली हवी.

वेळेचाही हिशेब आहे. अँड्रॉइडचा फोन ५७ दिवस वापरला गेला नाही तर त्याचा बॅकअप गूगल काढून टाकू शकतं. आयक्लाउड बॅकअप बंद झाल्यावर १८० दिवस टिकतो. फोन अडकून महिना झाला असेल तर खातं परत मिळवण्याचं काम आजच सुरू करा, आणि गॅलक्सी हातात असेल नि तो अजून उघडत असेल, तर ‘रिमोट अनलॉक’चं बटण आत्ताच चालू करून घ्या.